पाणी वाऱ्याला की जाळीला

सुमन,

बाटली अजून भरलेलीच आहे. तू पाणी उकळलंस, गार केलंस, जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळलंस आणि एका धारेत, थेंबही न सांडता बाटलीत ओतलंस, तेच पाणी. बॉनेट उचललं की डाव्या हाताला, बॅटरीपासून जरा लांब, तू बोट दाखवलंस तिथेच ती बाटली पत्र्याच्या पट्टीने आवळलेली आहे. मी रोज संध्याकाळी खाली उतरतो, बॉनेट उघडतो, बाटलीकडे बघतो आणि बॉनेट लावून वर येतो. इमारतीतल्या लोकांना वाटतं, बिचारा बायकोच्या आठवणीने गाडीपाशी जाऊन उभा राहतो. त्यांना काय माहीत, मी भांडायला जातो.

जुई तेरावं आटोपून नाशिकला गेली. लेक म्हणून तिने जे करायचं ते सगळं केलं. तुझी कपाटं लावली, माझ्या गोळ्या डबीत भरून ठेवल्या, गॅस बंद करायचं चारदा बजावलं. निघताना दारात थांबून म्हणाली, "बाबा, चला ना माझ्याकडे. आणि ती गाडी काढून टाका आता. तुम्ही तर चालवतही नव्हतात." मी म्हटलं, "थोडं काम राहिलंय गाडीचं." "कसलं काम?" मी तिची बॅग उचलून जिन्याला लागलो. आईबापांच्या भांडणात पोरीला कशाला ओढायचं?

काम तसं एवढंसंच आहे. स्टिअरिंगखाली तू बसवून घेतलेलं लाल बटण घाटात, गाडी ओढत असताना, एकदा दाबायचं. दाबलं की बाटलीतलं पाणी इंटरकूलरच्या जाळीवर उडणार. तुझं म्हणणं, पनवेलच्या दमट हवेतसुद्धा त्याने जाळी गार पडेल आणि गाडी घाटमाथ्यापर्यंत दम धरेल. माझं म्हणणं, दमट हवेत पाणी सुकतच नाही, तर ते गार काय करणार? दसऱ्यानंतरच्या रविवारी घाटात जाऊन सोक्षमोक्ष लावायचा असं आपलं ठरलं होतं. तो रविवार आला तेव्हा तू नव्हतीस.

आता ते बटण दाबायचं धाडस होत नाही, हे तुला सांगायला लाज कसली? दाबलं की कळेल कोण बरोबर ते. आणि कळलं की वाद संपला. या घरात तुझं म्हणून जे काही अजून चालू आहे, ते तेवढं एकच आहे. तुझी शाळेची पिशवी खुंटीला आहे, शिवणयंत्रावर झाकण आहे, रेडिओ मी लावत नाही. भांडण तेवढं चालू आहे. ते मिटवलं तर मग तू खरोखर गेलीस.

मुळात त्या जुन्या फुगीर गाडीत एवढं इंजिन बसवायलाच नको होतं, हे तू पहिल्या दिवशी म्हणाली होतीस. कळंबोलीत लोखंडाच्या बाजारापलीकडे एका भंगारवाल्याकडे ते जपानी डिझेल इंजिन पडलं होतं, टर्बोसकट. तळोज्याच्या कारखान्यात आयुष्यभर बॉयलर आणि वाफेचे पाइप सांभाळलेला माणूस मी, मला ते बघून राहवलं नाही. घेऊन आलो, तर तू टेम्पोत चढून इंजिनाभोवती एक फेरी मारलीस आणि म्हणालीस, "अहो, हे आत बसेल, पण श्वास कुठून घेईल?" तुझे वडील सोलापुरात टेम्पो चालवायचे आणि तू लग्नाआधीच त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकलीस, हे मी अशा वेळी सोयीस्करपणे विसरायचो. लग्नात मला वाटलं होतं, मुलीला शिवणकाम येतं. गाडी येते हे नंतर कळलं, आणि नंतर आपल्या घरात गाडी तूच चालवलीस. मी शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकायचो. दोन्ही कामं मला एकदम जमत नाहीत, असं तुझं मत होतं आणि ते चूक नव्हतं.

टर्बो म्हणजे काय, ते तू मला स्वयंपाकघरात विचारलंस, कणीक मळता मळता. मी सांगितलं, धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त म्हणजे ओढ जास्त. एवढ्यावर तुझं समाधान होईना. मग मी जुईच्या सायकलचा पंप आणला, तोंड बोटाने दाबून धरलं, जोरजोरात मारला आणि तुला म्हटलं, आता इथे हात लाव. पंपाचं तोंड तापलं होतं. तू पिठाचा हात लावलास आणि झटकन मागे घेतलास.

"म्हणजे कोंबली की हवा तापते."

"हो."

"तापली की फुगते, पातळ होते."

"हो."

"मग एवढं कोंबून मिळवलं काय?"

"म्हणून तर ती इंजिनात जायच्या आधी एका जाळीतून नेऊन गार करायची. त्याला इंटरकूलर म्हणतात."

"मग करा की गार," असं म्हणून तू पोळी लाटायला घेतलीस. जसं काही मी उठून पंखा लावायचाच बाकी होता.

त्या एका वाक्यावर आपली पुढची सगळी वर्षं गेली. लोक रविवारी सिनेमाला जायचे, देवाला जायचे. आपण खोपोलीवरून घाट चढायचो, घाटमाथ्यावर बॉनेट उघडायचो आणि वाद घालत परत यायचो. आपल्या वादाचा एक नियमही होता, तुझाच केलेला. वर पोचल्यावर दोघांनी जाळीच्या आधीच्या पाइपला आणि नंतरच्या पाइपला हात लावायचा आणि चहा हातात येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. कारण मी आधी बोललो की तुला माझंच खरं वाटायला लागतं, असं तू म्हणायचीस. मला मात्र आठवत नाही, कधी तुला माझं खरं वाटलं ते.

पहिल्या खेपेला तर इंटरकूलरचा प्रश्नच आला नाही. त्याआधीच बॉनेटखाली भट्टी पेटली. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापर्यंत तू गप्प होतीस, मग एकदम ओरडलीस, "अहो, हा माझा पाय आहे, पापड नाही!" उजव्या पायाखालचा पत्रा इतका तापला होता की चपलेचा तळ मऊ पडला. बॉनेटचा रंग फुगला होता आणि वायरींवरचं प्लास्टिक कडक होऊन कुरमुऱ्यासारखं तुटत होतं. मी म्हटलं, टर्बो तापून लाल होतोच, त्याला इलाज नाही. तू म्हणालीस, "तुमच्या कारखान्यात वाफेचे पाइप उघडेच ठेवता वाटतं?"

वाफेच्या पाइपावर गुंडाळतात ते काचेच्या धाग्याचं कापड मग मी रीतसर दुकानातून आणलं. तू टर्बोचं माप घेतलंस. शाळेत मुलींना झबली-टोपडी शिवायला शिकवायचीस, त्याच पद्धतीने वर्तमानपत्राचा नमुना कापलास, दोन पदरी कापड बेतलंस आणि दोऱ्याऐवजी बारीक पोलादी तारेने हाताने टाके घातलेस. मागे नाड्यासुद्धा होत्या, तारेच्या. ते टर्बोचं झबलं जगात दुसऱ्या कुणाकडे नसेल. त्या कापडाची कुसळं आपल्या दोघांच्या हातांना अशी लागली की आठवडाभर आपण जेवताना खाजवत होतो. जुईने तर आपल्यासोबत बसून जेवायला नकार दिला. पण झबलं घातल्यावर तुझा पाय भाजायचा थांबला. मग मी पायाखालच्या पत्र्यापासून बोटभर अंतर सोडून दुसरा पत्रा ठोकला आणि त्या झकपक पत्र्याचं सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. तू फक्त एकदा झबल्याच्या नाड्या सोडून मला चालवून बघायला सांगितलंस. ते मी केलं नाही.

जाळी करून दिली धर्माने. पनवेलला बसस्थानकापलीकडे त्याचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान, राहायला करंजाड्याला. जुन्या रेडिएटरची पितळी जाळी कापून, दोन्ही टोकांना डाख देऊन हवेची पेटी जोडून त्याने इंटरकूलर बनवला. मी तो इंजिनाच्या डोक्यावर बसवला, कारण पाइप आखूड पडत होते. आखूड पाइप चांगले, हे मी तुला पुस्तकी भाषेत पटवलं. घाटात पहिल्या वळणावरच गाडीने मान टाकली. चहा येईपर्यंत तू नियमाप्रमाणे गप्प राहिलीस, पण तुझा चेहरा गप्प नव्हता. चहाचा पहिला घोट घेतलास आणि म्हणालीस, "पाणी गार करायला माठ चुलीवर ठेवलाय तुम्ही." खरंच, खालून इंजिनाची धग लागून जाळीतून निघणारी हवा आत जाणाऱ्या हवेपेक्षा गार नव्हतीच.

मग जाळी पुढे गेली, रेडिएटरच्याही पुढे, थेट वाऱ्यात. लांब पाइप आले, पण हवा गार पडायला लागली. मी खूश. आणि दोन रविवारांनी रेडिएटर उकळला. कारण आता त्याला जाळीतून गरम होऊन आलेलाच वारा मिळत होता. एक गार करावं तर दुसरं तापतं, हा सगळा तुझ्या संसाराचा अनुभव होता, त्यामुळे तू माझ्याइतकी हबकली नाहीस. जाळीच्या कडेने निसटणारा वारा तू रेक्झिन आणि फोम कोंबून अडवलास, म्हणजे समोरून आलेला सगळा वारा जाळ्यांमधूनच जाईल. तेवढ्याने थोडा फरक पडला. पण तू म्हणायला लागलीस, "वाऱ्याला आत घेताय, पण बाहेर कुणी सोडायचं? आत कोंडलेली गरम हवा हलल्याशिवाय नवी येईल कशी?"

त्यावर मी बॉनेटची मागची कड वायसर घालून वर उचलली. सगळे तसंच करतात. तुला शंका होती. शाळेतून लाल लोकरीचे तुकडे आणलेस आणि सगळ्या बॉनेटवर चिकटपट्टीने ओळीने लावलेस. वारा जिकडे जाईल तिकडे लोकर झुकेल, एवढाच हेतू. पण पनवेलात आपण ती लोकरीची गाडी घेऊन फिरलो तेव्हा काय झालं, आठवतं ना? सुकापूरच्या वळणावर एक म्हातारी हात दाखवून गाडी थांबवून विचारते, "कुठल्या देवीचा नवस बोलल्यात बाय?" तू गंभीरपणे तिला सांगितलंस, "वाऱ्याचा." तिने लांबूनच हात जोडले. त्या दिवशी मी इतका हसलो की माझ्याने समोरची लोकर नीट बघवली नाही. तू मात्र बघितलीस. मागच्या कडेची लोकर आत ओढली जात होती. म्हणजे मी वर उचललेल्या फटीतून गरम हवा बाहेर पडतच नव्हती, काचेवर अडलेला वारा उलट आत शिरत होता. आणि रेडिएटरच्या जरा मागे, बॉनेटच्या पुढच्या भागातली लोकर वर उभी राहिली होती. "इथे भोक पाडा," तू म्हणालीस.

बॉनेटला भोक! महिनाभर मी ऐकलं नाही. चांगल्या पत्र्याला करवत लावायची माझी छाती होत नव्हती. शेवटी तू शिवायच्या खडूने बॉनेटवर रेघा आखल्यास, बाहीला काखेत आखतात तशा, आणि मी डोळे मिटून कापलं. खालून धर्माने झडपा लावून दिल्या. त्या दिवसापासून रेडिएटर कधी उकळला नाही. गाडी थांबवली की त्या झडपांतून गरम हवा थरथरत वर यायची आणि तू तिच्यावर हात धरायचीस, हिवाळ्यात विशेषतः.

पण आपल्या खऱ्या वादाचं कारण ते नाही. खरं कारण तुझ्या भाच्याचं लग्न.

मे महिन्यात सोलापूरला निघालो. पुण्यात मंडईत तू वाळ्याचा एक पातळ पडदा घेतलास. मला वाटलं, माहेरी न्यायला. भिगवणच्या पुढे तू गाडी बाजूला घेतलीस, पडदा कळशीभर पाण्यात बुडवलास आणि गाडीच्या तोंडाला बांधलास. "आमच्याकडे खिडकीला बांधतात. अंगाला गार लागतं ते जाळीलाही लागेल की." मी खूप चिडलो. भर उन्हात, वऱ्हाडी सामान भरलेलं, आणि ही बाई गाडीला वाळ्याचा पडदा बांधते! पण गाडी निघाली आणि इंदापूर मागे पडायच्या आत मला कळलं की इंजिन हलकं पळतंय. आत वाळ्याचा वास भरला होता. टेंभुर्णीला तू थांबलीस, जाळीनंतरच्या पाइपला पालथा हात लावलास, तापातल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा, आणि चहा यायची वाट न बघता माझ्याकडे बघितलंस. नियम तूच मोडलास.

लग्नात सगळ्या पाहुण्यांना तू हे सांगत सुटलीस. जावई इंजिनांचे जाणकार, पण गाडी गार केली सोलापूरच्या पोरीने! मी श्रीखंड खात ऐकून घेतलं. कारण मला माहीत होतं, पुढचा रविवार पनवेलचा आहे.

तो रविवार माझा होता. तोच पडदा, तेवढंच पाणी, आणि खोपोलीवरून चढताना गाडी इतकी धापा टाकायला लागली की वळणावर मागचे ट्रकवाले भोंगे वाजवत होते. भिजलेल्या पडद्याने वारा तेवढा अडवला, गार काही केला नाही. चहा आल्यावर मी तुला समजावलं, अगदी सावकाश, चव घेत घेत. पाणी सुकताना गारवा देतं. सोलापूरची हवा तहानलेली, ती पाणी पिऊन टाकते. पनवेलची हवा आधीच खाडीचं पाणी पिऊन तट्ट फुगलेली, ती तुझं पाणी कशाला पिईल? आपल्या इथे टॉवेल दोन दिवस वाळत नाही, हे तुला लग्नापासून माहीत आहे ना? तू ऐकलंस, कप खाली ठेवलास आणि म्हणालीस, "बरं." मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सगळा पावसाळा तू हा विषय काढला नाहीस. मी निर्धास्त झालो. नवरात्राच्या आधी एका संध्याकाळी तू भाकरी करत होतीस. तवा तापलाय का बघायला तू त्यावर पाण्याचा हबका मारलास, चर्र झालं, आणि तू तशीच थांबलीस.

"अहो, इकडे या. हे बघा."

"काय?"

"पनवेलात तव्यावरचं पाणी सुकतं की नाही?"

"अगं, तवा गरम आहे म्हणून."

"आणि जाळी काय बर्फाची आहे?"

तू भाकरी थापत थापत बोलत होतीस. आपलं चुकलं ते एवढंच, की आपण वाऱ्याला पाणी पाजत होतो. वारा दमट असला तर नाही पीत. मग वाऱ्याला सोडा, पाणी थेट जाळीला द्या. तापलेला पत्रा पाणी उडवतोच, हवा कसलीही असो. मी म्हटलं, तवा वेगळा, जाळी वेगळी, जाळीवर भाकरी भाजता येते का? "भाकरी नाही," तू म्हणालीस, "पण हात ठेवून दाखवा."

तिथून भांडण पेटलं. जाळी एवढी तापत नाही, पाणी नुसतं ओघळून रस्त्यावर जाईल, असं मी. मग बारीक फवारा करा, असं तू. पंप कुठून आणू, असं मी. समोरची काच धुवायची छोटी मोटर आणि बाटली लावा, असं तू, आणि हे उत्तर तुझ्याकडे तयार होतं म्हणजे तू पावसाळाभर काय करत होतीस ते मला कळलं. मी क्षाराचा मुद्दा काढला. तुला घेऊन धर्माला विचारायला गेलो, तो माझ्या बाजूने बोलेल म्हणून. तो म्हणाला, "साहेब, ताईंचा बोलना बरोबर हाय. पन नळाचा पानी मारू नका, जालीला पांढरा क्षार धरंल." एवढं ऐकून तू घरी आलीस आणि पातेलं चढवलंस.

मी मोटर लावली, फवारा लावला, बटण लावलं. चेहरा पाडून लावलं, पण लावलं. मला तू हरलेली बघायची होती, हे कबूल. घाटात फवारा मारूनही गाडी मान टाकेल, तू चहा येईपर्यंत गप्प राहशील, आणि मी सावकाश बोलायला लागेन, इतपत चित्र माझं तयार होतं. त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी तू शाळेतून आलीस आणि डोकं दुखतंय म्हणून पडलीस.

पुढचं आपल्याला बोलायचं नाही.

इथवर लिहून पत्र बाजूला ठेवलं, त्याला आठवडा झाला. तेव्हा मी बाटली तशीच ठेवायचं ठरवलं होतं. कायमची. पण परवा बाजारात धर्मा भेटला. तुझ्यासाठी तो स्मशानात आला होता. रस्त्यात माझा हात धरला आणि म्हणाला, "ताईंचा पानी मारून बघितला का?"

"नाही."

"मंग पानी तसाच हाय बाटलीत?"

"हो. राहू दे."

"तसा नाय ऱ्हात साहेब. शेवाल धरंल. मंग फवारा तुंबंल, मोटर जाईल. मारायचा नसंल तं ओतून टाका. पन ठेवू नका."

घरी येऊन मी टॉर्च मारून बघितलं. बाटलीच्या तळाशी हिरवट काही नव्हतं अजून. पण तो म्हणाला ते खरं होतं. पाणी राहत नाही. आणि तू गाळून भरलेलं पाणी मी गटारात ओतणं शक्य नव्हतं. मग एकच वाट उरली.

आज सकाळी गेलो. तुझ्या सीटवर ती जाड उशी आहे, तुझी उंची पुरावी म्हणून घेतलेली. ती काढली नाही. तिच्यावर बसलं की माझं डोकं छताला लागतं, तेव्हा पळस्प्यापासून घाटमाथ्यापर्यंत मान वाकडी करून गाडी चालवली. किती वर्षांनी चालवत होतो! चौकपर्यंत दोनदा गिअर चुकला. खालापूरला इंजिनाचा आवाज ऐकायला गेलो आणि एस. टी.ला घासता घासता वाचलो. दोन्ही कामं मला एकदम जमत नाहीत.

खोपोली सोडली, चढ लागला. शिंग्रोबाच्या वरच्या वळणावर नेहमी तिसरा गिअर दम टाकतो आणि तू दुसरा टाकायचीस. त्याच्या जरा आधी मी बटण दाबलं. मोटर गुणगुणली. क्षणभर बाकी काही नाही, मग झडपांतून पांढरी वाफ निघाली, विरली, पुन्हा निघाली. वळण आलं. माझा हात तुझ्यासारखा गिअरवर गेला आणि तिथेच राहिला, कारण गिअर बदलायची गरजच पडली नाही. गाडी तिसऱ्यातच वळली, तिसऱ्यातच वर गेली, एकाही ट्रकने भोंगा वाजवला नाही. मला इतका आनंद झाला, सुमन, की मी "अगं बघ!" म्हणून शेजारी वळलो. तुला बघायला वळलो आणि बघतो तर ती माझीच जागा होती. मी रोज बसायचो ती. रिकामी.

वर पोचेपर्यंत बाटली संपली. गाडी लावली, दोन्ही पाइपांना हात लावले. पहिल्यावर हात ठेववला नाही. दुसऱ्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग जाऊन चहा घेतला. चहा आल्यावर बोलायचा नियम, पण बोलायचं कुणाशी? टपरीवाल्याला म्हटलं, साखर कमी आहे. तो म्हणाला, "बाईंनाच कमी लागते, तुमची जास्त. आज अदलाबदल झाली वाटतं." मी दोन कप घेतले नव्हते, एकच घेतला होता. तरी मी हो म्हणालो.

घाट उतरताना मला रडू आलं. रडता रडता गाडी चालवता येते, एवढं दुसरं काम मला जमलं. डोळे पुसत होतो आणि मनात एकच चाललं होतं, की आता काय? तू जिंकलीस. आणि जिंकलीस की तू काय करतेस, ते मला चांगलं ठाऊक आहे. तू विषय सोडून देतेस. हरलीस की पावसाळाभर मनात घोळवतेस, भाकरी करताना, मुलींच्या वह्या तपासताना, आणि एके दिवशी मला हाक मारतेस. जिंकलीस की नुसतं "हं" म्हणतेस आणि उठून कपडे वाळत घालायला जातेस.

जुईचा आत्ताच फोन आला होता. गाडीचं काम झालं का, विचारत होती. तिच्या ओळखीत एक गिऱ्हाईक आहे. मी म्हटलं, एवढ्यात विकता येणार नाही, तुझ्या आईचं आणि माझं अजून ठरत नाहीये. ती हळूच म्हणाली, "बरं बाबा. ठरलं की सांगा."

तर ऐक. आज हवा कोरडी होती. कार्तिक संपत आलाय, पूर्वेचा वारा सुटलाय, सकाळी दोरीवर टाकलेला माझा सदरा दुपारी खडखडीत वाळला. असल्या हवेत पाणी उडालं, गाडी वर गेली, यात नवल काय? असल्या हवेत तर तुझा वाळ्याचा पडदाही चालला असता. तुझं म्हणणं होतं पनवेलच्या दमट उकाड्याचं. मग तसल्या उकाड्यातच, मे महिन्यात, अंगाला सदरा चिकटलेला असताना चालवून दाखवायला हवं. आजची चाचणी मी धरत नाही.

मला मान्य नाही, सुमन. काय म्हणणं आहे तुझं? बोल.